कर्नलसाहेबांचं पार्सल

माझ्या हातून आयुष्यात जेवढे घोटाळे झाले, ते सगळे सावधगिरीतून झाले. बेफिकीर माणसाच्या हातून इतके होत नाहीत, कारण त्याची तेवढी तयारीच नसते. (हे मी घरी बोलून दाखवलं तेव्हा आमची ही म्हणाली, "लिहून ठेवा, विसराल." म्हणून लिहितोय.)

झालं असं, की हिला लॅपटॉप हवा होता. हौस म्हणून नव्हे. अकरा वर्षांनी ती पुन्हा शिकवायला लागणार होती. मुलांना चित्रकला, घरबसल्या ऑनलाइन, आणि पहिला तास सोमवारी सकाळी दहा वाजता. घरातल्या जुन्या लॅपटॉपचं झाकण कपड्यांच्या चिमट्याच्या आधाराने उभं राहायचं आणि पडद्यावर सगळं जग जांभळं दिसायचं. मुलाखतीत समोरच्या बाईंनी सफरचंदाचं चित्र दाखवलं आणि हिने "वांगं छान जमलंय" म्हणून कौतुक केलं. बाईंना तो विनोद वाटला, म्हणून नोकरी मिळाली. पण हाच विनोद रोज कोण खपवून घेणार?

"मी मागवतो," मी म्हणालो.

"तुम्ही?" हिने रंगीत पेन्सिलीला टोक काढता काढता विचारलं. त्या 'तुम्ही'त अकरा वर्षांचा अनुभव होता.

माझ्या मेहुण्याने आधीच एक लिंक पाठवली होती. लॅपटॉप नव्वद टक्के सवलतीत, आणि 'फक्त दहा मिनिटं शिल्लक' असं गेले चार दिवस लिहिलेलं. हाच मेहुणा, ज्याने असाच स्वस्तात फोन मागवला होता आणि खोक्यातून न्हाणीघरातली फरशी निघाली होती. (फरशी चांगली होती. अजून त्यांच्या मोरीत आहे.) ती लिंक मी पुसून टाकली. या गोष्टीत मी केलेलं शहाणपणाचं काम एवढं एकच, तेव्हा ते कृपा करून लक्षात ठेवा.

मी कचेरीत खिडकी क्रमांक चारवर बसतो. लोकांची कागदपत्रं एकमेकांशी जुळतात की नाही ते बघायचं, आणि नाही जुळली की परत पाठवायचं, हे माझं काम. कचेरीत मला 'खातरजमा' म्हणतात. त्या लौकिकाला जागून मी चार दिवस अभ्यास केला. दुकानाचा पत्ता खरा आहे का, वस्तू परत घेतात का, हमी कोण देतं, सगळं तपासलं. लोकांचे अभिप्राय वाचले, तेही फक्त वाईट. शेवटी एक नावाजलेलं दुकान निवडलं.

इथपर्यंत मामला ठीक होता. पण नाव भरायच्या जागी माझा हात थबकला. आपलं खरं नाव आणि घरचा पत्ता एकत्र कुणाच्या हाती का द्यावा? आणि चोराने खोक्यावरचं नाव वाचलंच, तर त्याला जरा धाक नको? मी लिहिलं, 'कर्नल', आणि पुढे एक असं दणदणीत आडनाव, की वाचूनच सॅल्यूट ठोकावासा वाटावा. पैसे भरले आणि समाधानाने सगळं विसरून गेलो.

शनिवारी सकाळी दाराची घंटा वाजली. मी बनियनवर, तोंडात ब्रश. दारात पार्सलवाला, खांद्याला मोठी पिशवी.

"कर्नलसाहेब आहेत का?"

माझी पाचही इंद्रियं जागी झाली. फसवणुकीची सुरुवात अशीच होते, हे मी वाचलं होतं.

"इथे कुणी कर्नल राहत नाहीत," मी फेस सावरत म्हणालो.

"पत्ता तर हाच आहे."

"पत्ता कुणीही लिहील! मी असल्या युक्त्यांना फसणारा नाही."

"मग परत पाठवू?"

"खुशाल पाठवा!"

दार लावून मी विजयी वीरासारखा आत आलो. ही म्हणाली, "कोण होतं हो?"

"भामटा. कुणा कर्नलच्या नावाने पार्सल गळ्यात मारत होता. पण समोर कोण आहे त्याला काय माहीत! समोर कर्नल..."

आणि माझ्या तोंडातला ब्रश खाली पडला.

धावत जिना उतरलो, तोवर गाडी कोपऱ्यावरून वळली होती. वर येऊन हिला सगळं सांगितलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "मी त्या मुलांसाठी पेन्सिलीसुद्धा काढून ठेवल्यात हो." चोवीस पेन्सिली, टेबलावर रंगवार मांडलेल्या. मला स्वतःची खरोखर लाज वाटली.

दुपारी आम्ही दोघं पार्सलच्या गोदामावर गेलो. खिडकीत सकाळचाच पार्सलवाला बसला होता. त्याने मला नीट निरखलं.

"तुम्हाला आधीही कुठंतरी पाहिलंय. खिडकी नंबर चार! गेल्या महिन्यात मला परत पाठवलंत. म्हणालात, फोटोत मिशी आहे, तुम्हाला नाही, मिशी वाढवून या."

हिने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

"अहो, ते नियमाने..."

"आमचाही नियमच आहे, साहेब. महागाची वस्तू, ओळखपत्र बघूनच द्यायची. कर्नल असल्याचा पुरावा?"

"मी कर्नल नाही."

"मग पार्सल तुमचं नाही."

"पार्सल माझंच आहे!"

"म्हणजे तुम्ही कर्नल आहात?"

"तसं नाही हो, मीच मला कर्नल केलं!"

मागच्या रांगेतला एक गृहस्थ म्हणाला, "लवकर देऊन टाका, नाहीतर हा स्वतःला ब्रिगेडियर करेल." रांग हसली. पार्सलवाला मात्र हसला नाही. भला माणूस होता. त्याने हिच्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाला, "दुकानाच्या मदत केंद्राला फोन लावा. खातं तुमचं असल्याचं पटलं तर ते नाव बदलून देतात. मग देतो."

फोन लागला. पलीकडून एक गोड आवाज म्हणाला, "खातं उघडताना आपण एक गुप्त प्रश्न निवडला होता. त्याचं उत्तर द्या. तीन संधी मिळतील. प्रश्न आहे, 'आयुष्यात तुम्ही सगळ्यात जास्त कोणाला घाबरता?'"

गोंधळात माझं बोट स्पीकरवर पडलं होतं, त्यामुळे प्रश्न सगळ्या रांगेने ऐकला. उत्तर काय लिहिलं होतं ते काही केल्या आठवेना.

"चोराला," मी म्हणालो.

"चूक."

"आमच्या मोठ्या साहेबांना?"

"चूक. शेवटची संधी आहे. नाहीतर खातं सात दिवस बंद राहील."

सात दिवस! सोमवार डोळ्यांसमोर उभा राहिला, तोही जांभळा. इतक्यात हिने शांतपणे फोन काढून घेतला.

"बायकोला," ती म्हणाली.

"बरोबर! अभिनंदन, कर्नलसाहेब."

(जेवणाच्या सुट्टीत घाईघाईने लिहिलं असणार. घाईत माणूस खरं लिहून जातो.)

रांगेने टाळ्या वाजवल्या. खोकं मिळालं, आणि पुराव्यासाठी मी ते व्हिडिओ काढत उघडलं. त्या व्हिडिओत सुरुवातीपासून शेवटपर्यंत माझा अंगठा दिसतो. पण आत फरशी नव्हती, लॅपटॉपच होता. सोमवारी दहा वाजता हिने एका मुलीला "सफरचंद मस्त लाल झालंय गं" म्हटलं, तेव्हा दाराआड उभा राहून मी हळूच डोळे पुसले. हे खरंच सांगतो.

मंगळवारी खिडकी चारवर पार्सलवाला आला. तोच अर्ज, तोच मिशीवाला फोटो, तोच बिनमिशीचा चेहरा. मी मिशीकडे न बघता शिक्का मारला.

"थँक्यू, कर्नलसाहेब!" तो आख्ख्या कचेरीला ऐकू जाईल असं म्हणाला आणि शेजारच्या खिडकीला सगळी हकिकत सांगूनच गेला.

चहाच्या वेळेपर्यंत 'खातरजमा' हे नाव कायमचं निवृत्त झालं. मी ठरवलं, लक्ष द्यायचं नाही. आपण कर्नल नाही, तर या हाकेला ओ द्यायचीच नाही. तेवढ्यात शिपाई दारातून ओरडला, "कर्नल, घरून बाईसाहेबांचा फोन!"

मी ताडकन उभा राहिलो. बघणारे सांगतात, टाचासुद्धा जुळल्या होत्या.