धुतलेल्या टाकीची पाहणी

घणसोली गावातल्या सयाजी जगदाळे यांच्या डेअरीतली दह्याची टाकी स्वच्छ आहे, याबद्दल कोणाचेही दुमत नव्हते. दुमत होते ते जंतूंचे. टाकी सोड्याने घासून उकळत्या पाण्याने धुतली, तरी प्रयोगशाळेने घेतलेल्या स्वॅबमध्ये जंतू निघाले. शेजारच्या टॉवरच्या सोसायटीने ताबडतोब कळवले की, असेच चालले तर दह्याची ऑर्डर बंद. सयाजींचे घर त्या एका ऑर्डरवर चालत होते.

सोसायटीने शुभदाताईंच्या अध्यक्षतेखाली पाच जणांची स्वच्छता पडताळणी समिती नेमली. समिती आली तेव्हा टाकी नुकतीच धुतलेली होती. प्रत्येक सदस्याने आत हात घालून तळावर बोट फिरवले, ते उजेडात धरून पाहिले आणि समाधान व्यक्त केले.

जंतू दुप्पट झाले.

"पडताळणी कमी पडतेय," शुभदाताई म्हणाल्या. समिती अकरा जणांची झाली आणि जंतूही वाढले. मग प्रत्येक विंगचा स्वतंत्र निरीक्षक आला. एका ज्येष्ठ सदस्यांनी पाहणीचा व्हिडिओ काढताना मोबाइल टाकीत पाडला. तो काढायला आणखी तिघांचे हात आत गेले.

शेवटी प्रयोगशाळेतली तेजश्री वैतागली. "मॅडम, धुतल्यावर टाकीला कुणी हातच लावू नका ना! हे जंतू तुमच्या हातांचे आहेत."

"आमच्या?" शुभदाताई उभ्याच राहिल्या. "अहो, समितीत सगळे ओनर आहेत! एकही भाडेकरू नाही."

सयाजींनी मात्र तेजश्रीचे ऐकले. टाकी धुतली, झाकण लावले, कुलूप घातले आणि चावी तिच्याकडेच दिली. तिने हातमोजे घालून नमुना घेतला. जंतू नावालाही नव्हता. बिचारे सयाजी पेढे घेऊन सोसायटीच्या ऑफिसात धावले.

शुभदाताईंनी अहवाल दोनदा वाचला. "या टाकीची पाहणी कोणी केली?"

"कुनीच न्हाई, ताई. म्हनूनच तर..."

"म्हणजे कोणी न तपासलेल्या टाकीतलं दही आमच्या मुलांनी खायचं?"

ऑर्डर एकमताने रद्द झाली. पेढे तेवढे ठेवून घेतले.

आता ऑर्डर पलीकडच्या सेक्टरमधल्या डेअरीकडे आहे. तिने दारातच पाटी लावली आहे : 'या, हात घालून स्वतः खात्री करा.' रविवारी तिथे लांब रांग लागते. तुम्ही हसताय, हसा. पण गेल्या रविवारी बाकीच्यांनी बोटावर भागवले होते. कोपरापर्यंत हात तुम्हीच घातलात.