तिसऱ्यांदा विचारल्यावर

मायकेलकाकांना चहा विचारला की ते विंचू दिसल्यासारखे हात झटकायचे. "छे छे, नको! आत्ताच घेतला." पुन्हा विचारलं तर, "उगीच त्रास कशाला?" तिसऱ्यांदा विचारलं की बूट काढून थेट आमच्या स्वयंपाकघरात, आणि वर बिस्किटंही मागणार.

कार्ल्सरूहेला आमच्या वरच्या मजल्यावर ते एकटेच राहायचे. मूळचे आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या एका खेड्यातले. अर्धं आयुष्य जर्मनीत गेलं, पण गाव काही अंगातून जाईना. सायकलवरून जाताना दिसेल त्याला हँडलवरचं एक बोट उचलून नमस्कार. ट्रामच्या ड्रायव्हरलासुद्धा! गल्लीत कुणी गेलं की ओळख असो नसो, काळा कोट चढवून हे अंत्यविधीला हजर. "गावात मयताला घरटी एक माणूस जातोच," म्हणायचे.

चहाचा नियमही गावचाच. "पहिल्यांदा हो म्हणतो तो हावरट, दुसऱ्यांदा म्हणतो तो उतावळा."

"अहो काका, आमच्याकडेही आग्रह केल्याशिवाय दुसरी पोळी कुणी घेत नाही," मी म्हटलं.

"मग जर्मनीत काय करतेस?"

"उपाशी उठते!"

काका हसले नाहीत. "तळमजल्यावरच्या फ्राऊ वेबर. मी इथे राहायला आलो तेव्हा त्यांनी कॉफीला बोलावलं होतं. मी नको म्हटलं. त्या 'गूट', म्हणजे 'बरं', म्हणाल्या आणि निघून गेल्या." मग म्हणाले, "बाई चांगली आहे." कान लाल झाले होते.

फ्राऊ वेबरही एकट्याच. आणि महिनाअखेरीला त्या मुलीकडे कायमच्या राहायला निघाल्या होत्या. मला कुठलं राहवतंय! जिन्यातच गाठून सगळं सांगितलं.

"पण ते नाइन, नको म्हणाले होते!" बाई चक्रावल्याच.

"अहो, ते नाइन खरं नव्हतं. त्यांच्या गावात तीनदा विचारतात."

रविवारी त्या वर आल्या. मी दार किलकिलं करून ऐकत होते, खोटं कशाला बोलू?

"कॉफीला येता?"

"छे छे, नको," काकांच्या तोंडून निघून गेलं. फ्राऊ वेबर दोन पायऱ्या उतरल्या, घुटमळल्या, मागे वळल्या.

"नक्की नको? सफरचंदाचा केक केलाय."

"येतो," काका म्हणाले.

संध्याकाळी मी त्यांना चिडवलं, "काय काका, नियम मोडलात ना! दोनदाच तर विचारलं त्यांनी."

"तीनदा," काका म्हणाले. "पहिलं, मी राहायला आलो तेव्हाचं. तेवढं धरून बसलो होतो गं पोरी, इतकी वर्षं."