तिसऱ्या दालनातली गर्दी

पालमारेस सर गेल्याची बातमी कळली तेव्हा जोव्हेलिन वादविवाद स्पर्धेत 'विद्यार्थ्यांनी वेळेचे नियोजन शिकावे' या बाजूने बोलून नुकतीच खाली बसली होती.

फिलिपिन्समधल्या इलोइलोच्या त्या विद्यापीठात जोव्हेलिनला ओळखत नाही असा माणूस सापडणे कठीण होते. गायकवृंद, वादविवाद मंडळ, नाट्यसंघ, रक्तदान पथक, सगळीकडे ती होती आणि सगळीकडे थोडी उशिरा पोचत होती. एकाच ठिकाणी ती कधी पोचली नाही, ते म्हणजे सरांची खोली. तिच्या प्रबंधासाठी सरांनी गुरुवारची दुपार राखून ठेवली होती. दार सताड उघडे, टेबलावर बिस्किटांचा डबा. "सर, पुढच्या गुरुवारी नक्की!" असे ती व्हरांड्यातून पळता पळता ओरडायची. सर म्हणायचे, "पळ, पळ. दार उघडंच आहे." या वेळचा गुरुवार मात्र सरांनीच चुकवला.

सरांना मूलबाळ नव्हते. दफनापर्यंत मृताजवळ रात्रंदिवस बसायची तिथली रीत; सरांच्या सोबतीला माणसे कमी पडता कामा नयेत, एवढे तरी आपण करायचेच, असे जोव्हेलिनने ठरवले. महिन्यापूर्वी गायकवृंद त्याच अंत्यसंस्कारगृहात गायला गेला होता. तेव्हाचा निरोप तिने शोधून काढला, नाव आणि वार बदलला, 'सरांचं दार सगळ्यांसाठी उघडं असायचं, सगळ्यांनी या' अशी भर घातली आणि तालमीचा जिना चढता चढता चारही गटांना पाठवून दिला. दालनाचा आकडा तेवढा बदलायचा राहिला. सर वरच्या मजल्यावर पहिल्या दालनात होते. निरोपात तळमजल्यावरचे तिसरे होते.

ती स्वतः पोचली तेव्हा तिसरे दालन भरून वाहत होते. गायकवृंद शेवटच्या कडव्यावर आला होता, रक्तदानवाले कॉफी वाटत होते आणि नाट्यसंघाने जागरणाच्या रीतीप्रमाणे कोपऱ्यात पत्त्यांचा डाव मांडला होता. जोव्हेलिनचे डोळे भरून आले. गर्दीतून वाट काढत ती शवपेटीपाशी गेली आणि तिने काचेतून आत पाहिले. आत भरघोस मिशांचे एक अनोळखी गृहस्थ झोपले होते.

"तोतो," तिने गायकवृंदातल्या मित्राचा दंड घट्ट धरला, "हे सर नाहीत."

"काय सांगतेस! मी कुठे पाहिलंय तुझ्या सरांना?"

"अरे, दारावर नाव लिहिलेलं असतं ना!"

"त्याच्यावरच आपण पुष्पचक्र टांगलं. तिथे खिळा होता." तोतोने पेटीकडे चोरटी नजर टाकली. "आणि नाट्यसंघातली ती दोघं सरांच्या वर्गात आहेत की. दोघंही म्हणाली, आजारपणात माणूस फार बदलतो."

"मिशा उगवतात?"

तेवढ्यात एका म्हातारीने जोव्हेलिनचा हात हातात घेतला. "मी सेनाइदा. फेलिमोनची बहीण. तूच बोलावलंस ना गं या सगळ्यांना? कालपासून इथे मी होते आणि हा थर्मास होता. एवढी माणसं फेलिमोनला ओळखतात, हे मला ठाऊकच नव्हतं. काय शिकवायचा गं तो तुम्हाला?"

जोव्हेलिनला खोटे बोलवेना आणि खरेही बोलवेना. तोतोला मात्र शांतता सहन होत नसे.

"सगळंच, आजी. कधी आवाज चढवला नाही."

"फेलिमोननं?"

"कुणालाही बिस्किटं द्यायचे," रक्तदान पथकातली एक मुलगी डोळे पुसत म्हणाली.

"आणि त्यांचं दार सगळ्यांसाठी उघडं असायचं!" पत्त्यांच्या डावातून कुणीतरी जोव्हेलिनचाच निरोप पाठ म्हटल्यासारखा म्हणून दाखवला.

म्हातारीने एकदा दाराकडे पाहिले. मग म्हणाली, "अजून एक गाणं म्हणता का रे?"

नाही कोण म्हणणार? एकाची दोन गाणी झाली. तोवर जोव्हेलिन एकेकाच्या कानाशी लागून वर चला म्हणून विनवत होती. पण गाणी संपताच सगळ्यांनी घड्याळे पाहिली. नाट्यसंघाची तालीम होती, वादविवाद मंडळाची बैठक होती.

"जोव्ह, एवढाच वेळ म्हणाली होतीस," तोतो म्हणाला.

"मढ्याच्या घरून थेट घरी जायचं नसतं, नाहीतर मेलेला मागे येतो. कुठेतरी थांबावं लागतं. मग वरच थांबा ना थोडं!"

"मढ्याकडून मढ्याकडे? मग दोघंही मागे लागतील. आम्ही तालमीलाच थांबतो, तेही थांबणंच झालं." मग त्याचा आवाज उतरला. "रागावू नकोस गं. हे असं इथून तिथे पळायला आम्ही तुझ्याकडूनच शिकलो."

ती एकटी वर गेली. पहिल्या दालनात रिकाम्या खुर्च्यांच्या रांगा होत्या, न उघडलेले बिस्किटांचे डबे होते, आणि पुढच्या खुर्चीत पालमारेस मॅडम बसल्या होत्या. सरांच्या चेहऱ्यावर तेच हसू होते, 'पळ, पळ' म्हणतानाचे.

"आलीस? ये," मॅडम म्हणाल्या. "हे म्हणायचे, पोरगी धांदरट आहे, पण एक दिवस येईल." त्यांनी शेजारच्या खुर्चीवरची पर्स उचलली. "खाली किती सुंदर गात होते गं. ह्यांना फार आवडलं असतं. कुणी मोठा माणूस असेल, नाही?"

तेवढ्यात दारातून सेनाइदा आजी आत आल्या, एका हातात थर्मास आणि खांद्यावर ते पुष्पचक्र.

"हे तुमचं," त्या मॅडमना म्हणाल्या. "पाहुणेही तुमचेच होते. माझ्याकडे चुकून आले."

"आजी, तुम्हाला कधी कळलं?" जोव्हेलिनने कसेबसे विचारले.

"दार उघडं असायचं म्हणालात ना, तेव्हाच. फेलिमोन दाराला आतून तीन कड्या लावायचा. मला बहिणीलासुद्धा खिडकीतून बोलावं लागायचं." त्या टेकल्या. "बोलायला हवं होतं मी, बाई. पण त्याच्यासाठी कुणी गातंय, हे कधी ऐकलं नव्हतं. म्हटलं, अजून एक होऊ दे."

मॅडमनी बिस्किटांचा एक डबा उघडला आणि पुढे केला. दोघी म्हाताऱ्या शेजारी शेजारी बसल्या. जोव्हेलिनने मॅडमनी मोकळ्या केलेल्या खुर्चीला हात लावला.

"तू कुठे बसतेस?" आजी दचकून म्हणाल्या. "खाली फेलिमोन एकटा आहे! मढं एकटं सोडतात का? आता या बाईंना सोबत मी आहे. जा पोरी, तू त्याच्याजवळ बस."

जोव्हेलिनने सरांकडे पाहिले. इतक्या गुरुवारांनंतर ती आली होती, आणि याही वेळी तिला जायचे होते. "सर, लगेच येते," तिच्या तोंडून निघून गेले, आणि मग तिला आपल्याच शब्दांची लाज वाटली. मॅडमनी फक्त मान हलवली.

खालच्या दालनात कागदी पेले आणि एक विसरलेला बदामाचा राजा पडला होता. त्या मिशाळ गृहस्थांजवळ तिने खुर्ची ओढली. तिला कुठेही जायचे नव्हते. व्हरांड्यातून वारा येत होता म्हणून दार लावायला ती उठली, आणि तिथेच अडली. दार बंद असावे, अशी फेलिमोनची इच्छा असती. पालमारेस सरांची नसती.

बराच वेळ ती कडीवर हात ठेवून उभी राहिली. शेवटी दार तिने अर्धे लोटले आणि पुन्हा येऊन बसली.