मारियाचं बारसं

'बाप्तिस्मा' हा शब्द काही झालं तरी लिहायचा नाही, असं सुनेत्राबाईंनी ठरवलं आणि तिथेच सगळं बिनसलं.

अंबरनाथला कारखान्याच्या चाळींना लागून सिस्टर लोकांची प्राथमिक शाळा होती. शिकवायला सुनेत्राबाई, झाडलोटीला राजाबाई आणि दोघींवर मदर क्लेमेन्सिया. वसईच्या एका जुन्या चर्चने शाळेला काशाची घंटा भेट दिली होती. घंटा टांगण्याआधी तिच्यावर प्रार्थनेचं पाणी शिंपडून तिला माणसासारखं नाव ठेवायचा ख्रिस्ती लोकांत रिवाज. याही घंटेचं नाव ठरलं होतं, मारिया. त्यासाठी रविवारी कल्याणचे फादर येणार होते.

"सगळ्या आयांना चिठ्ठी पाठवा," मदर म्हणाली. ती मंगळूरची. मराठी बोलायची ती हिंदीच्या कुबड्या घेऊन, आणि देवनागरी वाचायची म्हणजे तिच्या अंगावर काटा यायचा. "लिहा, संडेला दहा बजे बेलचा बाप्तिस्मा हाय."

सुनेत्राबाईंचा टाक हवेतच थांबला. पटावर एक्केचाळीस मुली होत्या. संक्रांतीनंतर पहिलीतल्या तिघी यायच्या बंद झाल्या. चाळीसच्या खाली पट गेला तर मान्यता काढू, असं इन्स्पेक्टरसाहेब बजावून गेले होते, आणि पंधरा दिवसांनी ते पुन्हा येणार होते. तिघी गेल्या त्याच आठवड्यात फादरांनी शाळेच्या चारी कोपऱ्यांत पाणी शिंपडलं होतं. आयांनी धसका घेतला तो त्याचाच, याबद्दल सुनेत्राबाईंना तिळमात्र शंका नव्हती. आता 'बाप्तिस्मा' असं लिहिलं, तर सोमवारी शाळेत फक्त बाकं उरली असती. शाळा बुडू द्यायची नाही, मग आपली लेखणी थोडी वाकडी चालली तरी चालेल, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं आणि घोटीव अक्षरात लिहिलं: 'रविवारी सकाळी दहा वाजता शाळेत मारियाचं बारसं आहे. सर्व मातांनी अगत्य यावे.'

घंटेचं बारसं म्हटलं तर लोक हसतील, म्हणून घंटेचा उल्लेख त्यांनी गाळला. मदरने खाली ऐटीत सही केली.

शनिवारी दुपारी राजाबाई धापा टाकत आली.

"बाई, सगली चाल मना इचारते, पोर कुनाचा?"

"कसलं पोर?"

"ज्याचा बारसा हाय ना, त्याचा!"

चाळीत तोवर सगळा इतिहास तयार झाला होता. कुणी म्हणे मदरच्या दारात रात्री कुणीतरी तान्हं टाकून गेलं, कुणी म्हणे सिस्टर लोकांनी ते इस्पितळातून आणलं. गोरं आहे आणि डोळे घारे आहेत, एवढ्यावर मात्र सगळ्यांचं एकमत होतं.

खरं सांगून टाकावं म्हणून त्या तशाच चाळीत निघाल्या. पहिल्याच खोलीत उमा कुंचीला लाल गोंडा लावत बसली होती. लग्नाला आठ वर्षं होऊनही तिचा पाळणा हलला नव्हता.

"बाई, आईबाप नाहीत ना हो बिचारीला?" तिने डोळे पुसत विचारलं.

"नाहीत," सुनेत्राबाईंच्या तोंडून गेलं. यात खोटं काही नव्हतं, पण उमाच्या हातातली कुंची पाहून घंटेचं सांगणं त्यांनी उद्यावर टाकलं. एकदा सगळ्या शाळेत येऊ देत, मग बघून घेऊ, असा निश्चय करून त्या परतल्या.

रविवारी दहाच्या आत साठ बायका हजर! झबली, टोपडी, काजळाची डबी, पातेलंभर घुगऱ्या आणि दोघींनी उचलून आणलेला पाळणा. सगळ्यांच्या पुढे चाळीच्या पुढारी कुंदाकाकू.

"इतक्या लेडीज?" मदर हरखून गेली. "पण ये झूला कायको?"

"आमच्यात असं करतात," सुनेत्राबाई म्हणाल्या.

फादरांनी अंगणातल्या स्टुलावरचं लेसचं कापड काढलं. खाली घंटा होती.

"सुनेत्राबाई," कुंदाकाकूंनी शांतपणे विचारलं, "पोर कुठाय?"

"हीच मारिया."

"ही तर पितळेची आहे!"

"काशाची."

उमाच्या हातातली कुंची खाली पडली. ते पाहून सुनेत्राबाईंना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. दोनतीन बायका फाटकाकडे वळल्या. पण कुंदाकाकूंनी पदर खोचला.

"थांबा गं! पहाटे चारला उठून घुगऱ्या शिजवल्यात मी. बारशाला आलोय, बारसं करूनच जायचं. उमा, घाल तिला कुंची."

उमाने घंटेला कुंची घातली, आणि आधी तिलाच हसू फुटलं. चौघींनी मिळून घंटा पाळण्यात ठेवली. पाळणा कुरकुरला, पण टिकला. फादरांनी लॅटिनमध्ये प्रार्थना म्हटली आणि पाणी शिंपडलं. मग कानात नाव सांगायला आत्या कोण, असा पेच पडला.

"त्यात काय? हे फादर, म्हणजे बाप," कुंदाकाकू म्हणाल्या. "ह्या त्यांच्या सिस्टर. म्हणजे आत्याच!"

मदर क्लेमेन्सिया पाळण्यावर वाकून 'मारिया' म्हणाली मात्र, आणि रिवाजाप्रमाणे तिच्या पाठीत दहाबारा धपाटे बसले.

"मर्डर! फादर, मर्डर!" मदर ओरडली. फादर घुगऱ्या खाण्यात गढले होते.

हशा ओसरल्यावर सुनेत्राबाईंनी हात जोडले. "काकू, चुकलं माझं. बाप्तिस्मा लिहिलं असतं तर तुम्ही मुली काढल्या असत्यात. त्या तिघींना काढलं तसं."

"त्यांना बाप्तिस्म्यापायी काढलं?" कुंदाकाकू बघतच राहिल्या. "अहो, त्यातली एक माझी नात आहे! कारखान्याचा भोंगा सातला वाजतो, तुमची शाळा साडेसातला. मधला अर्धा तास मोजायला घड्याळ कुणाच्या घरात आहे? राजाबाई थाळी बडवते ती तिची तिलाच ऐकू येते. पोरींना उशीर झाला की मदर त्यांना उन्हात उभं करते. पोरीला ताप भरला, मग ठेवली घरी. घंटेचं बारसं करा नाहीतर लग्न करा, आम्हाला ती ऐकू आली म्हणजे झालं!"

आठ दिवसांची झोप सुनेत्राबाईंनी उगाच घालवली होती.

"आता हिचा आवाज तरी ऐकवा," कुंदाकाकू म्हणाल्या.

राजाबाईने पेरूच्या झाडाला दोर टाकला, चौघींनी घंटा वर ओढली. कुंचीसकट. राजाबाईने आतला लोलक हलवला आणि तो टोल चाळींवरून पार रुळांपर्यंत गेला.

बायका कान देऊन ऐकत होत्या, तोच शाळा भरली असं समजून फाटकातून मुली धावत येऊ लागल्या. कुणाची एकच वेणी घातलेली, कुणाच्या ओठांवर चहाची मिशी, पाट्या मात्र सगळ्यांच्या काखेत. रविवार कुणाच्या लक्षातही नव्हता. सुनेत्राबाई बोटांवर मोजत होत्या. अडतीस झाल्या. मग फाटक रिकामं राहिलं.

थोड्या वेळाने त्या तिघी आल्या, धापा टाकत, सगळ्यांच्या मागून. त्यांनी एकदा मदरकडे पाहिलं, आणि कुणी काही सांगायच्या आत मुकाट्याने भिंतीपाशी जाऊन उन्हात उभ्या राहिल्या.

मदरचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. ती पाठ चोळत तरातरा गेली आणि तिघींना हाताला धरून पाळण्याजवळ सावलीत घेऊन आली.

"आज संडे हाय," ती कुणाकडेही न बघता म्हणाली. "आज तुम्ही लेट नाय. आज तुम्ही लोक चोवीस घंटा जल्दी आले!"

सुनेत्राबाई आत गेल्या आणि हजेरीपट घेऊन आल्या.