माईंचा जळता राजवाडा

शनिवारी सकाळी जळत ठेवलेला राजवाडा रविवारी सकाळीही जळतच होता, आणि हे माईंच्या आजवरच्या अनुभवात बसणारे नव्हते.

त्यांनी चष्मा पुसला, खुर्ची पुढे ओढली आणि संगणकाच्या पडद्यावरचा मजकूर पुन्हा वाचला. "राजवाड्याला आग लागली आहे. प्रधान पळाला आहे. शत्रू वेशीपाशी आला आहे. राणीसाहेब, आपला हुकूम?" या खेळात चित्र म्हणून एकही नव्हते. नुसता मजकूर, खाली हुकूम लिहायची चौकट आणि कोपऱ्यात दोन बटणे, सेव्ह आणि लोड. माईंना तो पसंत पडला होता तो त्यामुळेच. मुलींच्या वसतिगृहाच्या अधीक्षिका म्हणून त्यांनी उभी हयात काढली होती. समोर गाऱ्हाणे यावे, ऐकावे आणि हुकूम सोडावा, ही रीत त्यांच्या हाडीमांसी भिनलेली. निवृत्तीनंतर हुकूम ऐकायला घरात एक मुलगा आणि एक सून एवढीच माणसे उरली होती, आणि तेवढ्या प्रजेवर माईंचे भागत नव्हते.

सेव्ह या बटणाविषयी माईंचे स्वतःचे असे एक शास्त्र होते. वसतिगृहात दोन मुली भांडल्या की माई त्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून दारे ओढून घेत. सकाळी दारे उघडली की दोघी गळ्यात गळे घालून बाहेर येत. सेव्ह म्हणजे तेच. राज्यात काही बिघडले की सेव्ह करायचे, जेवायचे आणि दुपारची झोप काढायची. दुसऱ्या दिवशी लोड करावे, तो सारे ताळ्यावर आलेले असे. त्यांनी दुष्काळ सेव्ह केला, तर दुसऱ्या दिवशी कोठारे भरलेली. बंड सेव्ह केले, तर सैनिक मुकाट कवायत करताना सापडले. एकदा तर रागाच्या भरात त्यांनी प्रधानाला फासावर चढवले आणि सेव्ह केले. दुसऱ्या दिवशी प्रधान हात जोडून दरबारात हजर.

"धाक लागतो," माई त्यावर एवढेच म्हणाल्या होत्या.

आज मात्र धाक चालेना. आणि आजच चार वाजता धाकटी यायची होती.

धाकटी म्हणजे माईंची सख्खी बहीण. तीही हाच खेळ खेळत असे, पण तिच्या राणीला कारकिर्दीच्या बाराव्या वर्षीच गादीवरून उतरावे लागले होते. आपले राज्य चाळिसाव्या वर्षात आहे, असे माईंनी फोनवर सांगितले तेव्हा पलीकडून नुसता हसण्याचा आवाज आला.

"ताई, तुझ्याच्यानं? अगं, तू पहिल्याच दिवशी निम्म्या प्रजेला अंगठे धरून उभं करशील!"

बोलण्यातून पैज निघाली. राज्य खरोखर नांदते असेल, तर धाकटीने म्हणायचे, "ताई, तू माझ्यापेक्षा शहाणी." नसेल, तर तेच वाक्य माईंनी धाकटीला म्हणायचे. हे वाक्य माईंनी जन्मात कोणाला म्हटलेले नव्हते. नवऱ्याला नाही आणि त्यांच्या पोटावर शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरलाही नाही.

"अरे, इकडे ये आधी! हे विझत नाहीये!"

मुलगा तोंडात ब्रश तसाच ठेवून धावत आला. "काय विझत नाहीये?"

"राजवाडा."

मुलाने ब्रश काढला आणि पडदा वाचला. "माई, तू आग लागल्यावर सेव्ह केलंस?"

"मग कधी करायचं?"

"लागायच्या आधी!"

"आग लागणार हे आधी कसं कळणार? मी राणी आहे, ज्योतिषी नाही."

"अगं, जसं ठेवशील तसंच परत मिळणार. जळकं ठेवलंस, जळकं मिळालं."

"मग शुक्रवारचं नांदतं राज्य कुठे गेलं? तेही मीच ठेवलं होतं."

"त्याच्यावरच तू हे ठेवलंस."

"म्हणजे? एका कपाटात दोन साड्या राहत नाहीत होय रे?"

मुलाचे चष्म्यांचे दुकान होते. तिथे डोळे तपासणारा एक संगणक त्याच्या शब्दाबाहेर नसे, आणि त्यामुळे जगातले सगळेच संगणक आपल्याला ओळखून आहेत, अशी त्याची समजूत झाली होती. "पान अडकलंय, दुसरं काही नाही," तो खुर्चीत बसत म्हणाला. "सगळा साठलेला कचरा साफ करतो. मग बघ कसं पळतं."

त्याने कुठलीशी खिडकी उघडली, समोर आलेल्या साऱ्या चौकटींत न वाचता खुणा केल्या आणि बटण दाबले. खेळाचे पान पुन्हा उघडले. "स्वागत आहे! नवीन राज्य सुरू करा." त्याने लोड दाबले. "येथे काहीही सेव्ह केलेले नाही."

माई पडद्याजवळ वाकल्या.

"आग विझली," मुलगा म्हणाला.

"आणि राजवाडा?"

"तोही विझला."

"जळका का होईना, डोक्यावर छप्पर होतं!" माई कडाडल्या. "चार वाजता तुझ्या मावशीला काय दाखवू? मोकळं मैदान?"

"थांब, घाबरू नकोस. इंटरनेटवरचा खेळ आहे ना? मग राज्यही इंटरनेटवरच असणार." त्याने दुकानचा लॅपटॉप उघडला. तिथेही स्वागतच झाले. मग फोन काढला. फोननेही तितक्याच आदराने स्वागत केले. शेवटी जे काम सर्वांत आधी करायला हवे होते ते त्याने केले, म्हणजे खेळाच्या सूचना वाचल्या. त्या वाचता वाचता त्याचा आवाज बारीक होत गेला. राज्य इंटरनेटवर नसते. ज्या संगणकाच्या ज्या ब्राउझरमध्ये सेव्ह केले, तिथेच ते राहते. ब्राउझर साफ केला की राज्यही साफ.

"म्हणजे चाळीस वर्षं माझं राज्य या घरात, या टेबलावर होतं."

"हो."

"आणि ते तू झाडून काढलंस. आयुष्यात पहिल्यांदा हातात झाडू घेतलास तो आज!"

मग नवे राज्य उभारायचे ठरले. पहिल्या राज्यात माईंनी घाईघाईने साऱ्या प्रजेला पहाटे उठायचा हुकूम सोडला आणि तिसऱ्या वर्षी त्यांच्यावर विषप्रयोग झाला. दुसऱ्यात त्यांनी विषप्रयोगाच्या धास्तीने आचाऱ्यांना हाकलले आणि उपाशी सैन्य शत्रूला जाऊन मिळाले. तिसऱ्यात कारभार मुलाने हाती घेतला. त्याने प्रजेला फुकट चष्मे वाटले. प्रजेला राणी स्वच्छ दिसू लागली आणि प्रजेने बंड केले.

साडेतीन वाजता सून माहेराहून परतली. ती शनिवारी सकाळीच गेली होती. दातांच्या दवाखान्यात सकाळच्या पाळीत रुग्णांना वेळा देण्याचे काम ती करी. ठणकत्या दाढेच्या माणसाला "पाचच मिनिटं हं" म्हणून अर्धा तास हसतमुखाने बसवून ठेवणे, हा तिच्या डाव्या हातचा मळ. तिने खांद्यावरची पिशवी न उतरवता दोघांचेही ऐकून घेतले.

"एवढंच ना? माझ्याकडे फाईल आहे," ती म्हणाली.

"कसली फाईल?" मायलेक एकदमच बोलले.

"तिथे खाली बारीक अक्षरात लिहिलंय बघा, राज्य फाईल म्हणून उतरवून घ्या. मी रोज घेते. ती ब्राउझरच्या बाहेर असते, साफसफाईत जात नाही." तिने दोन ठिकाणी दाबले. पडद्यावर मजकूर उमटला. "शुक्रवार. वर्ष चाळिसावे. कोठारे भरलेली आहेत. प्रजा सुखी आहे."

"रोज घेतेस? कशाला गं?" माईंनी विचारले.

सून उत्तर देणार, एवढ्यात घंटी वाजली.

धाकटी आली ती थेट संगणकासमोर बसली, मागचा मजकूर वर सरकवला आणि मोठ्याने वाचू लागली. "शेजारच्या राजाशी तह झाला आहे. वृद्ध प्रधानास निवृत्तिवेतन सुरू आहे. गेल्या साली झालेल्या अपमानाबद्दल राणीसाहेबांनी शेजारच्या राजाची क्षमा मागितली." धाकटीने मान वर केली. "ताई! तू? क्षमा मागितलीस?"

माईंनी मागचा मजकूर कधी उलटून पाहिलाच नव्हता; हे त्या प्रथमच ऐकत होत्या. "राज्य चालवायचं तर," त्या एकेक शब्द उचलून ठेवावा तशा म्हणाल्या, "मागावी लागते कधीकधी."

धाकटीने मजकूर पुन्हा एकदा वाचून काढला. मग उठली आणि पैजेला जागून म्हणाली, "ताई, तू माझ्यापेक्षा शहाणी."

जे ऐकायला माईंचे कान आसुसले होते ते कानांवर पडले, पण आत पोचले नाही. त्या तडक स्वयंपाकघरात गेल्या. सून कपबश्या काढत होती.

"तो तह कोणी केला?"

"तुम्ही दुपारी झोपलात, की मी जरा आवरून ठेवायची."

"आणि प्रधान?"

"फाशीच्या आधीची फाईल होती माझ्याकडे. ती उघडली, त्याची समजूत घातली आणि तुमच्या सेव्हच्या जागी ठेवली."

"म्हणजे माझा धाक..."

सुनेने एक बशी पुसायला घेतली. ती मुळात कोरडीच होती.

"पण का केलंस हे सगळं?"

"राज्य बुडालं, की संध्याकाळी तुम्ही आमच्यावर राज्य करायच्या, माई. तिकडे तह झाला, की इकडे घर शांत असायचं."

माईंनी मागे वळून दार नीट लोटले आहे ना ते पाहिले. मग पाठ ताठ केली, घसा साफ केला आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "तू माझ्यापेक्षा शहाणी." आणि लगेच बोट उगारले. "पण हे सेव्ह करायचं नाही!"

"उशीर झाला, माई. केलं."

बाहेरून धाकटीची हाक आली. "ताई, लवकर ये! शेजारचा दूत आलाय, आपले पांढरे घोडे मागतोय. काय हुकूम लिहू?"

शनिवारी याच दूताला माईंनी खंदकात फेकायला लावले होते, आणि खेळातल्या त्याच रात्री राजवाडा पेटला होता. हुकूम आताही जिभेवर तयार होता. माईंनी तोंड उघडले, सुनेकडे पाहिले आणि तोंड मिटले. संध्याकाळचे पाच वाजायला आले होते.

"माझी दुपारची झोप राहिलीय आज," त्या खोलीकडे वळत सुनेला म्हणाल्या. "मी पडते जरा. तोवर तू त्या घोड्यांचं बघ."