चंद्रव्वाचा अंगठा

होटगीतल्या वीरेशच्या बँक सेवा केंद्रात चंद्रव्वाने एकेक करून दहाही बोटे यंत्रावर टेकवली. यंत्राने एकही ओळखले नाही.

"काकू, भाकऱ्या थापून थापून रेषा झिजल्यात," वीरेश म्हणाला. "आठ दिस पिठात हात घालू नका. रोज खोबरेल लावा."

चंद्रव्वा तीस वर्षे कडक भाकऱ्या करून सोलापूरच्या एका हॉटेलवाल्याला विकत होती. तिचा नवरा शिवयोगी याला मात्र निराळाच घोर होता. विहिरीवरची मोटार जळाली होती, कांदा माना टाकत होता आणि दुरुस्तीची सारी भिस्त चंद्रव्वाच्या खात्यात साठलेल्या योजनेच्या पैशांवर होती.

"हॉटेलच्या भाकऱ्या आठ दिस बंद," तो म्हणाला. "घरच्या मी थापतो. त्यात काय एवढं."

पहिल्या दिवशीची भाकरी म्हशीनेसुद्धा हुंगून सोडली. तिसऱ्या दिवशी शेजारची सोजरबाई शिवयोगीचे भाकरी थापणे दाखवायला आपल्या नवऱ्याला मुद्दाम घेऊन आली. शिवयोगी डगमगला नाही. उलट कुठे कसूर राहू नये म्हणून त्याने वीरेशला फोन लावला.

"हिनं भांडी घासली तर चालंल का?"

"राखेनं रेषा जात्यात की, काका."

भांडी शिवयोगीकडे आली. पुढच्या दिवशी त्याने धुण्याचे विचारले, मग सारवणाचे. तीही कामे त्याच्याकडे आली. त्यानंतर त्याने फोन करणे सोडले. चंद्रव्वा उंबऱ्यावर बसून तळव्यांना खोबरेल चोळायची आणि "कडंला पातळ करा" एवढेच म्हणायची. सातव्या दिवशी तेही म्हणायची गरज उरली नाही.

नवव्या दिवशी यंत्राने तिचा अंगठा पहिल्या फटक्यात ओळखला. वीरेशने दिलेल्या नोटा तिने तशाच नवऱ्याच्या हातात ठेवल्या. कांदा वाचला या विचाराने शिवयोगीला भरून आले. भाकरीतून आपणही सुटलो, या विचाराने जरा जास्तच.

"वीरेश, आता हिनं भाकरी थापाया हरकत न्हाय न्हवं?"

वीरेश काही बोलायच्या आत चंद्रव्वाने विचारले, "फुडच्या म्हयन्याला परत अंगठाच लागंल का रं?"

"दर म्हयन्याला लागंल, काकू."

चंद्रव्वाने दोन्ही हात पदराखाली घेतले.

"मग जपाया पायजेत की," ती नवऱ्याला म्हणाली. "मोटार दुरुस्तीला टाकून येताना दळण घिऊन या. उद्यापासनं भाकरी चालू म्हणून हॉटेलवाल्याला कळवलंय. तुमचा हात आता चांगला बसलाय."