हेल्मेट, नग दोन

आमच्या गल्लीतले बारापात्रे काका स्कूटर हलवण्याआधी मागे वळत आणि मागच्या माणसाच्या हेल्मेटवर बोटांनी दोनदा टकटक करत. मागे माणूस नसला तर सीटला बांधलेल्या दुसऱ्या हेल्मेटवर. उभा जन्म त्यांनी नागपूर-काटोल एसटीत कंडक्टरकी केली. डबल बेल दिल्याशिवाय चाक फिरतं, यावर त्यांचा विश्वासच नव्हता.

दुसरं हेल्मेट काकूंसाठी घेतलेलं. काकू नातवाला सांभाळायला पुण्याला गेल्या, त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून काका रोज सकाळी गल्लीच्या तोंडाशी प्रवासी शोधत उभे असायचे.

"बस गा दिनेश. रिकामी सीट नेणं पाप आहे."

मी एकदाच बसलो. वेग असा, की सायकलवरच्या एका बाईंनी आम्हाला ओलांडता ओलांडता माझी विचारपूस केली. काकांचं तोंड मात्र अखंड चालू. "गड्डा येऊन राहिला, सांभाळजो. ब्रेक मारून राहिलो. पुढं म्हैस आहे, घाई नको करू." जणू गाडी मीच चालवत होतो. सिग्नल सुटला की पुन्हा माझ्या डोक्यावर टकटक. मेडिकल चौकापर्यंत अकरा वेळा बेल वाजली. हा प्रसंग मी लग्नांत, बारशांत आणि एकदा तर तेरवीच्या पंगतीत साभिनय सांगितला आहे.

त्यानंतर मी त्यांना रोज नवी थाप मारू लागलो. अपघात झाला त्या सकाळी म्हणालो, "आज सुट्टी आहे काका." पाचच मिनिटांनी मी बसलेला ऑटो त्यांना ओलांडून गेला. मी मान खाली घातली. त्यांनी मला पाहिलं की नाही, हे मी अजून विचारलेलं नाही.

पुढच्याच चौकात एका कारने वळताना त्यांना धक्का दिला. काका खरचटल्या गुडघ्यावर सुटले, सामान तेवढं गेलं. कारवाल्याच्या विमा कंपनीने नुकसानीची यादी मागवली, तेव्हा शेजारधर्म म्हणून मीही त्यांच्यासोबत कंपनीच्या ऑफिसात गेलो. आठ दिवस काकांनी कशालाही हात लागू दिला नव्हता. पुरावा बिघडेल म्हणून. तिथल्या मॅडमच्या टेबलावर त्यांनी एकेक वस्तू मांडली: फुटका चष्मा, काड्या मोडलेली छत्री, चेपलेला डबा. डब्यात त्या दिवशीची भेंडी होती. मॅडमनी उठून खिडकी उघडली.

यादीत शेवटी होतं, 'हेल्मेट, नग दोन.'

"काका, डोकं एक आन् हेल्मेट दोन काहून? मागं कोणी होतं का?"

"नव्हतं."

"पण रोज कोणी बसते का? तसं असन तर लिहून घेते मी."

बाई भली होती. काकांनी माझ्याकडे पाहिलं. 'मी बसतो' एवढंच म्हणायचं होतं. पण समोर मॅडम, दोन कारकून आणि चहावाला. एवढे श्रोते पाहून मला राहवलं नाही.

"मॅडम, काकायच्या मागं कोण बसन?" असं म्हणून मी खुर्चीवर उलटा बसलो आणि अख्खा प्रयोग करून दाखवला. गड्डा, ब्रेक, म्हैस, डोक्यावरची बेल. चहावाल्याच्या हातातला चहा सांडला. काकाही हसले. मग त्यांनी यादी पुढे ओढली, टेबलावरच्या फुटक्या चष्म्याच्या उरलेल्या एका काचेतून नीट पाहिलं आणि दोनाचा एक केला.

"राहू द्या मॅडम. खोटी नोंद नको."

बाकी सगळं मंजूर झालं. घरी येताना काकांनी मला समोसा खाऊ घातला. तो समोसा अजून पचलेला नाही.

आता ते गल्लीच्या तोंडाशी थांबत नाहीत. परवा मी नवं हेल्मेट विकत घेतलं आणि एसटीला दाखवतात तसा त्यांना हात दाखवला. ते थांबले.

"काका, मेडिकल चौकात सोडता का?"

"बस ना."

मी बसलो. टकटक होईल म्हणून मान ताठ धरली. गाडी तशीच निघाली. एक गड्डा आला, गेला. दुसरा दिसला तेव्हा मीच मागून म्हणालो, "काका, गड्डा येऊन राहिला."

"दिसते गा," ते म्हणाले.